दंड सरकारजमा, तक्रारदाराच्या हाती काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला आहे. कायद्यात काय लिहिले आहे असे विचारणारे वाचक आता थोडे. तो राबवणार कोण, आणि राबवला गेला नाही तर दाद कोणाकडे मागायची, असे विचारणारे फार. कायदा कागदावर सुबक आणि अंमलबजावणी लंगडी, हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ब्राझील हे देश आपल्याआधी काही वर्षे या वाटेने गेले आहेत. युरोपपेक्षा त्यांचे दाखले आपल्याला अधिक उपयोगी पडतील असे माझे मत आहे, कारण तिथेही नियामकाकडे माणसे कमी, सरकार हाच सर्वांत मोठा माहितीधारक आणि तक्रारदाराला वकील परवडत नाही. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने एका कर्ज ॲपवरून सहा हजार रुपये घेतले. हप्ता चुकल्यावर त्या लोकांनी त्याचा फोटो आणि शिवीगाळ करणारा मजकूर माझ्या सासूबाईंना, त्याच्या कंपनीतील सुपरवायझरला आणि आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही पाठवला. गिरणीवाल्याचा या कर्जाशी काय संबंध? केनियात अशा ॲपना दंड झाल्याचे वाचले. तिथे जमते ते इथे का जमत नाही?
(गृहिणी, नाशिक)

उत्तर : गिरणीवाल्याचा संबंध एवढाच, की त्यांचा नंबर आपल्या भावाच्या फोनमध्ये 'गिरणी' या नावाने साठवलेला होता. ॲप उतरवताना ते 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी मागते, घाईत आपण 'अलाउ' दाबतो आणि पुढच्या काही सेकंदांत फोनमधील नावे-नंबरांची सगळी यादी कर्ज देणाऱ्याच्या सर्व्हरवर जाते. भावाने एक वेळ संमती दिली असे म्हणता येईल. गिरणीवाल्याने किंवा आपल्या सासूबाईंनी ती कधी दिली? केनियाच्या डेटा आयुक्तांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये 'केक्रेडिट' आणि 'फेअरकॅश' ही ॲप चालवणाऱ्या मुल्ला प्राइड या कंपनीला २९,७५,००० शिलिंग दंड झाला. तिसऱ्याच माणसाच्या फोनमधून मिळालेली नावे आणि नंबर वापरून तिने धमकीचे संदेश पाठवले आणि फोन केले, हा तिचा दोष होता. नायजेरियात त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, सोको या कर्ज कंपनीला अशाच कारणासाठी १ कोटी नायरांचा दंड झाला होता.

केनियाच्या कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा ५० लाख शिलिंग किंवा वार्षिक उलाढालीच्या १ टक्का, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. आपल्या पैशात तीस-पस्तीस लाख रुपयांच्या घरातली ही रक्कम मोठ्या कंपनीला चहापाण्याच्या खर्चासारखीच आहे. तरीही तिथे तक्रारी येत राहतात, आणि त्याचे कारण कायद्याच्या एका साध्या कलमात आहे : तक्रार तोंडी सांगितली तरी चालते, ती लिहून घेण्याची जबाबदारी आयुक्तांच्या कार्यालयाची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. आपला कायदा याउलट, तो राबवण्यासाठी नेमायच्या डेटा संरक्षण मंडळाने 'डिजिटल कार्यालय' म्हणून काम करावे असे सांगतो. आपल्या गिरणीवाल्याला ऑनलाइन अर्ज भरून, कागदपत्रे अपलोड करून दाद मागायची आहे.

अर्थात केनियातही सगळे सुरळीत झाले असे नाही. कायदा नोव्हेंबर २०१९ मधला, पण पहिल्या आयुक्त इमॅक्युलेट कसाइट यांची नेमणूक व्हायला नोव्हेंबर २०२० उजाडला. एवढ्या अवधीत कर्ज ॲपनी नैरोबीत चांगलाच जम बसवला होता.

आता आपल्या भावाचे. डेटा संरक्षण कायद्यातील कंपन्यांवर बंधने घालणारी कलमे मे २०२७ मध्ये लागू होतील, म्हणून आज त्या मंडळाकडे जाऊन उपयोग नाही. मात्र रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेव्हापासून कर्ज ॲपला फोनमधील संपर्क यादी, कॉल लॉग आणि फोटो-फायलींना हात लावता येत नाही. ते ॲप एखाद्या नोंदणीकृत बँकेसाठी किंवा वित्तसंस्थेसाठी काम करत असेल, तर त्या संस्थेकडे आणि तिथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जावे. ते कोणाचेच नसेल, तर मामला फौजदारी आहे. १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर आजच नोंद करावी. भावाने बदनामीच्या भीतीने पुन्हा पैसे भरू नयेत, कारण पहिला भरणा केल्यावर मागणी वाढते, हे अशा प्रकरणांत मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : मी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मोबाइल आणि फ्लॅट क्रमांक आम्ही वहीत लिहून घेतो. आता काही सभासद ॲप बसवा म्हणतात. नव्या कायद्यात आम्ही अडकू का?
(सचिव, कोथरूड, पुणे)

उत्तर : वहीत अडकणार नाही, ॲपमध्ये अडकू शकता. कायदा फक्त डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. त्यामुळे दोरीने बांधलेल्या पेनाची ती वही, जिच्यात कुरियरवाल्या मुलाला आपल्या आधी आलेल्या वीस बायकांचे मोबाइल नंबर वाचता येतात, ती कायद्याबाहेर राहते. आणि त्यातल्या त्यात बरे कुलूप असलेले ॲप कायद्याच्या कक्षेत येते. विनोद आहे, पण कायद्याचाच आहे. ॲप घेतलेच तर माहिती किती दिवस ठेवणार हे आमसभेत ठरवून घ्या आणि ॲप कंपनीशी केलेल्या करारात ते लिहून घ्या, कारण माहिती कशासाठी गोळा करायची हे संस्था ठरवते आणि म्हणून जबाबदारीही आधी संस्थेवर येते. मंडळाचे अधिकारी आपल्या फाटकावर तपासणीला येतील ही धास्ती मात्र बाळगू नका. एवढ्या मोठ्या देशासाठी अध्यक्षांसह मोजकीच माणसे असलेले एकच मंडळ आहे.

प्रश्न : वर्तमानपत्रांत २५० कोटी रुपयांच्या दंडाचे मथळे आले. बँकेत नोकरी केल्यामुळे मला पहिला प्रश्न असा पडला, की हे पैसे जमा कुठे होणार? ज्याची माहिती फुटली त्याला किती?
(निवृत्त बँक अधिकारी, चिंचवड)

उत्तर : आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. मंडळाने वसूल केलेला सगळा दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली एक रुपयाही मिळत नाही. २५० कोटी ही पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा आहे, आणि फुटलेल्या माहितीवरून आपल्या खात्यातून पाच लाख गेले तरी त्या दंडाशी आपला संबंध बातमी वाचण्यापुरताच.

आणखी खेदाची गोष्ट अशी, की आजवर असलेली एक वाटही यात बुजणार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कंपनीने निष्काळजीपणा केला, तर तिने बाधित व्यक्तीला भरपाई द्यावी, असे ते सांगते. ५ कोटींपर्यंतचे असे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. ही तरतूद देशभर धूळ खात पडलेली असताना महाराष्ट्रात तिचा खरोखर वापर झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी मंत्रालयात अशी अनेक प्रकरणे ऐकून निकाल दिले. त्यांपैकी २०१३ मधील एक प्रकरण पुण्याच्या एका उद्योगाचे होते. बनावट ईमेलला उत्तर दिल्यानंतर त्याच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. ग्राहकाची स्वतःची चूक ध्यानात घेऊनही, संशयास्पद व्यवहार रोखण्यात बँक कमी पडली असे ठरवून बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगण्यात आले. चुकीची वाटणी कशी करावी याचा तो चांगला नमुना होता. बँकेत असताना आपल्या कानावरही हे प्रकरण आले असेल.

नव्या कायद्याने ४३-अ कलम रद्द केले आहे. ते रद्द करणारी ही तरतूद मे २०२७ मध्ये, उरलेल्या कलमांबरोबर अमलात येईल, म्हणजे तोवर जुनी वाट कायद्याने उघडी आहे. त्यानंतर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग राहील, कारण नवा कायदा इतर कायद्यांना पूरक असल्याचे त्याच्याच ३८ व्या कलमात म्हटले आहे. पण मंडळाच्या अखत्यारीतील विषयांत दिवाणी न्यायालयाचे दार बंद आहे.

केनियाच्या कायद्यात भरपाईचे स्वतंत्र कलम आहे आणि तिथल्या आयुक्तांनी अनेक प्रकरणांत तक्रारदाराला थेट पैसे द्यायला लावले आहेत. दंडाची मर्यादा कमी आणि भरपाईची सोय असलेला कायदा, दंडाची मर्यादा प्रचंड आणि भरपाई शून्य असलेल्या कायद्यापेक्षा अधिक राबवला जातो, असे माझे निरीक्षण आहे. नियामकाकडे प्रत्येक दारात उभे करायला निरीक्षक नसतात. त्याचे डोळे आणि कान म्हणजे तक्रारदार. आणि ज्याला पदरात काहीच पडणार नाही तो कामाचा दिवस बुडवून तक्रार कशाला करील?

प्रश्न : मी तालुका पातळीवर माहिती अधिकाराचे काम करतो. डेटा कायद्याचे बाकी सगळे २०२७ वर ढकलले, पण माहिती अधिकार कायद्यातील बदल मात्र तत्काळ लागू झाला, हे खरे का? आता रोजगार हमीच्या हजेरीपटाची प्रत मागितली की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारतात. इतर देशांत सरकारी खात्यांनाही हा कायदा लागतो का?
(कार्यकर्ता, करमाळा, जि. सोलापूर)

उत्तर : खरे आहे. नोव्हेंबर २०२५ पासून जी थोडी कलमे अमलात आली त्यांत मंडळाच्या स्थापनेची कलमे आहेत आणि माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(जे) मधील बदलही आहे. पूर्वी त्या कलमानुसार वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, हे दिसावे लागे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. आता तिथे फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. नागरिकाला कंपन्यांपासून संरक्षण देणारा भाग दीड वर्ष थांबू शकला, सरकारला नागरिकापासून संरक्षण देणारा भाग एक दिवसही थांबला नाही. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी ज्या राज्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या राज्यातील आपल्यासारख्या कार्यकर्त्याला हे टोचणे साहजिक आहे.

तरीही हातपाय गाळू नयेत. त्याच कायद्याचे ८(२) कलम शाबूत आहे. माहिती उघड केल्याने होणारे सार्वजनिक हित संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. यापुढे अर्जातच या कलमाचा उल्लेख करावा आणि हजेरीपट का हवा, म्हणजे उदाहरणार्थ मृत व्यक्तीच्या नावावर मजुरी निघाल्याचा संशय आहे, हे दोन ओळींत लिहावे. रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावकऱ्यांसमोर कामाचा हिशेब तपासण्याची, तरतूद आहे आणि हजेरीपट पाहू दिल्याशिवाय अंकेक्षण होत नाही, हा मुद्दा पहिल्या अपिलात मांडता येईल.

इतर देशांबद्दल विचारलेत म्हणून दक्षिण आफ्रिकेचे सांगतो. तिथे माहितीचा अधिकार आणि माहितीचे संरक्षण हे दोन्ही कायदे एकाच 'इन्फर्मेशन रेग्युलेटर'कडे आहेत. एका हाताने माहिती खुली करायची आणि दुसऱ्या हाताने खासगी माहिती राखायची, हा तोल एकाच कार्यालयाला सांभाळावा लागतो. आपल्याकडे माहिती आयोग एकीकडे आणि डेटा मंडळ दुसरीकडे, त्यामुळे दोघांच्या मध्ये अर्ज लोंबकळण्याची भीती आहे. त्या नियामकाने संरक्षण कायद्याखालचा पहिला दंड कोणाला केला असेल? देशाच्या न्याय खात्याला. सप्टेंबर २०२१ मध्ये या खात्याच्या संगणक यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा, म्हणजे रॅन्समवेअर) झाला आणि सुमारे १,२०० फायली गमावल्या गेल्या. चौकशीत निघाले ते अगदी आपल्या तहसील कार्यालयात शोभेल असे : अँटिव्हायरस, घुसखोरी ओळखणारी प्रणाली आणि सुरक्षा नोंदींवर नजर ठेवणारी प्रणाली, या सगळ्यांचे परवाने २०२० मध्येच संपले होते आणि त्यांचे नूतनीकरण कोणी केलेच नव्हते. मे २०२३ मध्ये नियामकाने परवाने नूतन करण्यासाठी ३१ दिवसांची मुदत दिली. तीही उलटून गेल्यावर जुलैमध्ये ५० लाख रँडचा, म्हणजे आपल्या दोन कोटी रुपयांहून अधिक रकमेचा, दंड ठोठावला.

सरकारने सरकारला केलेला दंड म्हणजे या खिशातले त्या खिशात, असे आपण म्हणाल. ते खरेच आहे. पण अँटिव्हायरसचा परवाना कोणत्या वर्षी संपला हे त्या देशातल्या जनतेला कळले ते या आदेशामुळे. आणि असा आदेश निघू शकला, कारण त्या नियामकाचे सदस्य संसदेच्या शिफारशीवरून नेमले जातात आणि तो संसदेला उत्तरदायी आहे. आपल्या मंडळाचे अध्यक्ष निवडणारी शोध समिती कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते, नेमणूक केंद्र सरकार करते, मुदत दोनच वर्षांची आणि पुन्हा नेमणुकीची दारे उघडी. शिवाय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचनेद्वारे कायद्याबाहेर ठेवू शकते. दोन वर्षांनी ज्याच्या दारी फेरनेमणुकीसाठी उभे राहायचे त्याला दंड करणारी माणसे असतात, नाही असे नाही. पण कायदा लिहिताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो त्याच संध्याकाळी फेसबुकवर जातात. एका पालकांनी हरकत घेतली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, 'शाळेचेच तर नाव होते आहे.' कायदा काय म्हणतो?
(शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, असे आपला कायदा म्हणतो. शिक्षणसंस्थांना काही मर्यादित कामांसाठी सवलत आहे, पण प्रसिद्धीसाठी फोटो टाकणे त्यात बसेल असे मला वाटत नाही. हेही मे २०२७ पासून. मुख्याध्यापकांना हवे तर नैरोबीच्या रोमा स्कूलचे उदाहरण द्यावे : अल्पवयीन मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध केल्याबद्दल सप्टेंबर २०२३ मध्ये त्या शाळेला ४५,५०,००० शिलिंग दंड झाला. वर सांगितलेल्या कर्ज कंपनीच्या दंडापेक्षा हा दंड मोठा होता, आणि केनियातील शाळांच्या प्रवेश अर्जांत फोटोच्या संमतीचा रकाना का दिसू लागला असावा याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दक्षिण आफ्रिकेत शालान्त परीक्षेचे निकाल परीक्षा क्रमांकानुसार वर्तमानपत्रांत छापण्याची जुनी रीत आहे. नियामकाने ती बंद करायला सांगितली, शिक्षण खात्याने ऐकले नाही म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ५० लाख रँडचा दंड केला आणि छपाई रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्या अर्जातली तातडी मान्य केली नाही आणि निकाल नेहमीप्रमाणे छापले गेले. नाव नाही, फक्त क्रमांक, तेही वर्षानुवर्षांच्या प्रथेप्रमाणे, अशा ठिकाणी नियामकाने आपली शक्ती खर्च करावी का, याविषयी मला शंका आहे. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहताना बैठक क्रमांकाबरोबर आईचे नाव विचारतात. हा उपाय साधा आहे, पण वर्गातल्या सगळ्यांना एकमेकांच्या आईचे नाव माहीत असते, हे आपल्यासारख्या शिक्षिकेला मी काय सांगावे!

प्रश्न : विकसनशील देशांतील नियामक बड्या विदेशी कंपन्यांना खरोखर हात लावू शकतात, की फक्त लहान माशांनाच पकडतात?
(विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सुरुवात बहुधा लहान माशापासून होते. ब्राझीलचा कायदा २०१८ मधला आणि त्यातील दंडाची मर्यादा प्रत्येक उल्लंघनामागे ५ कोटी रिआलपर्यंत. पण जुलै २०२३ मध्ये तिथल्या प्राधिकरणाने केलेला पहिला दंड १४,४०० रिआलचा होता, आणि तो निवडणूक प्रचारासाठी व्हॉट्सॲप नंबरांच्या याद्या विकणाऱ्या एका अतिलहान दूरसंचार कंपनीला होता. त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. मात्र वर्षभरानेच, जुलै २०२४ मध्ये, त्याच प्राधिकरणाने फेसबुक आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीला ब्राझिली लोकांच्या पोस्ट वापरून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणे थांबवायला सांगितले, आणि न थांबवल्यास दिवसाला ५०,००० रिआल दंडाची तंबी दिली. कंपनीने वापरकर्त्यांना स्पष्ट सूचना देण्याचे आणि नकार देण्याची सोय करण्याचे मान्य केल्यावर ऑगस्टअखेर ही बंदी उठली. दिवसाला पन्नास हजार रिआल ही रक्कम मेटाच्या दृष्टीने काहीच नाही. काम थांबणे मात्र परवडणारे नव्हते. माझ्या मते बड्या कंपनीवर दंडापेक्षा थांबवण्याचा आदेश अधिक चालतो.

केनियातही तेच दिसले. जुलै २०२३ च्या अखेरीस नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रासमोर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. धातूच्या चकचकीत गोळ्यात डोळे रोखून बुबुळाची प्रतिमा द्यायची आणि बदल्यात सुमारे ७,००० शिलिंग किमतीचे वर्ल्डकॉइन टोकन, म्हणजे एका विदेशी कंपनीचे आभासी चलन, घ्यायचे. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने हा प्रकार थांबवला, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गोळा केलेली जैविक माहिती सात दिवसांत पुसून टाकण्याचा आदेश दिला. याचिका केली होती कतिबा इन्स्टिट्यूट या संस्थेने. याच संस्थेने सरकारच्या 'हुदुमा नंबा' या राष्ट्रीय ओळखपत्र योजनेलाही आव्हान दिले होते, आणि परिणामांचे मूल्यमापन न करता कार्ड वाटणे बेकायदा असल्याचा निकाल ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळवला होता.

एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावी. मोठी शिकार पुष्कळदा डेटा नियामकाऐवजी स्पर्धा नियामक करतो. नायजेरियात मेटाला जुलै २०२४ मध्ये २२ कोटी डॉलरचा दंड केला तो स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोगाने, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. आपल्याकडे डेटा मंडळ जन्मालाही आले नव्हते तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने वर्षभराने निर्णयाचा काही भाग रद्द केला, दंड ठेवला. 'मान्य करा नाहीतर ॲप सोडा' अशी संमती ही संमतीच नव्हे, हा खासगीपणाचा मुद्दा दोन्ही देशांत मक्तेदारीच्या कायद्यातून मांडला गेला.

प्रश्न : आमची सॉफ्टवेअर कंपनी लहान आहे आणि लागोसमध्ये आमचे दोन ग्राहक आहेत. ते दरवर्षी मार्चमध्ये डेटा ऑडिटची कागदपत्रे मागतात. हे काय प्रकरण आहे?
(व्यावसायिक, ठाणे)

उत्तर : नायजेरियाने माणसांच्या तुटवड्यावर शोधलेला तो तोडगा आहे. तिथल्या डेटा संरक्षण आयोगाने खासगी संस्थांना परवाने दिले असून या संस्था कंपन्यांचे ऑडिट करतात, आणि ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तो अहवाल शुल्कासह दरवर्षी आयोगाकडे दाखल करावा लागतो. यामुळे आयोगाचा खर्च निघतो आणि हजारो कंपन्यांच्या टेबलावर वर्षातून एकदा तरी हा विषय येतो. ज्याचे ऑडिट करायचे त्याच्याकडूनच फी घ्यायची, हा आपल्याला सनदी लेखापालांमुळे परिचित असलेला गुंता त्यातही आहेच. आपण ग्राहकांना माहिती कुठे साठवता, कोणाला दिसते आणि काम संपल्यावर केव्हा पुसता, हे खरे खरे लिहून द्या. तिथे अहवालाबाहेरूनही चौकशी होते. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या बँकेला ५५ कोटी ५८ लाख नायरांचा दंड झाला तो एका व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय वापरून खाते उघडल्याच्या प्रकरणातून.

प्रश्न : कायदा करून तो दोन-दोन, तीन-तीन वर्षे झोपवून का ठेवतात?
(वाचक, मडगाव, गोवा)

उत्तर : कारण सांगितले जाते तयारीचे, आणि ते अंशतः खरेही आहे. पण तयारीची मुदत लांबतच जाते. फिलिपिन्सचा कायदा २०१२ चा, आयोग स्थापन झाला २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी तिथल्या निवडणूक आयोगाकडून साडेपाच कोटी मतदारांची माहिती फुटली. दक्षिण आफ्रिकेचा कायदा २०१३ चा, अंमल जुलै २०२१ पासून. इंडोनेशियाने २०२२ मध्ये कायदा करून दोन वर्षांची मुदत दिली. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली तेव्हाही कायद्याने सांगितलेली संस्था उभी नव्हती, आणि मधल्या काळात, जून २०२४ मध्ये, राष्ट्रीय डेटा केंद्रावरच खंडणीखोर हल्ला होऊन विमानतळावरील पासपोर्ट तपासणी खोळंबली. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा आहे. मे २०२७ पर्यंतचे अंतर आपणच मोजावे.

प्रश्न : तक्रार करायची वेळ आलीच तर पुरावा म्हणून काय जपावे? सूनबाई म्हणते स्क्रीनशॉट पुरे.
(ज्येष्ठ नागरिक, रत्नागिरी)

उत्तर : सूनबाईंचे अर्धे बरोबर आहे. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फोनमध्ये तो नंबर एखाद्या नावाने साठवला असेल तर चित्रात फक्त नाव येते, म्हणून संपर्काचे पान उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा. ॲप रागाने काढून टाकण्यापूर्वी त्याला कोणकोणत्या परवानग्या दिल्या होत्या ते सेटिंगमधील पान टिपून ठेवावे. मंडळाकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाणे कायद्याने आवश्यक आहे आणि कंपनीला उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवस आहेत. त्यामुळे पहिली तक्रार फोनवर न करता ईमेलने करावी आणि पोच जपावी. तक्रारीत पदरचे काही घालू नये, कारण खोटी किंवा उथळ तक्रार करणाऱ्या नागरिकाला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही याच कायद्यात आहे. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन दाखवावा लागू शकतो. तेव्हा दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना हँडसेट देऊन टाकू नका. बंद करून, चार्जरसह, कपाटात ठेवा.